आईंना चालता येईल अशी गल्ली

६ जानेवारी

मायना काय लिहावा यातच पहिला कागद फुकट गेला. ‘प्रिय’ लिहायचा हक्क राहिलेला नाही, आणि ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर विमा कंपनीचं पत्र वाटतं. म्हणून सरळ सुरुवात करतो.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. इथल्या जुन्या ग्रंथालयात पाणी शिरून दस्त भिजले, ते सुकवून सांधायला तुला मार्चमध्ये महिनाभर बोलावलंय. तुझ्या आईंना घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून त्याही येणार. जागा ग्रंथालयापासून चालत पंधरा मिनिटांवर हवी, फार पायऱ्या नकोत, खिडक्यांना गज हवेत, ‘आणि तुझ्या घराच्या आसपास नको.’ फोन करायचा नाही, लिहून कळवायचं. हे बरं केलंस. फोनवर आपण भांडतो. कागदावर निदान एकाचं बोलणं पुरं होईपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं.

जागा शोधायचं काम तू मलाच सांगावंस याचं नवल वाटलं. दहा वर्षांपूर्वी इथल्या रुग्णालयात नोकरीला आलो, तेव्हा ‘तिघांना पुरेल अशी जागा बघतो आणि तुम्हाला बोलावून घेतो’ असं सांगून निघालो होतो. पुढे काय झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे. तेव्हा या खेपेला मोठे शब्द देत नाही. जागा बघतो आणि जसं दिसेल तसं लिहितो.

काल रविवार होता, म्हणून स्टेशनमागच्या वस्तीपासून सुरुवात केली. सगळे प्रवासी तिथेच उतरतात. औषधं, फळं, जेवण, सगळं हाताशी आहे. फूटपाथही आहे, फक्त त्याच्यावर माणूस सोडून बाकी सगळं आहे: स्कूटर, खोकी, एका दुकानाचा तर चालू फ्रीज. दोनशे पावलांत मला एकोणीस वेळा रस्त्यावर उतरावं लागलं आणि एकोणीस वेळा परत चढावं लागलं. लॉजच्या व्यवस्थापकाला म्हटलं, बरोबर शहात्तर वर्षांच्या बाई असतील, काठी घेऊन चालतात. तो म्हणाला, “मग चालायचं कशाला? गाडी दारात येते की.” ही वस्ती खोडली.

एक विचारायचं आहे. तू दिवसभर ग्रंथालयात असताना आई काय करणार? ते तू लिहिलेलं नाहीस.

कळावे. लोभाचं तू ठरव.

१९ जानेवारी

उत्तर पोचलं. ‘आई खोलीत बसेल. घरी बसते तशीच.’

ठीक आहे. पण खोलीतच बसायचं तर पंधरा मिनिटांच्या चालण्याची अट कशाला, असं मनात आलं. मग लक्षात आलं की ती अट तुझ्यासाठी आहे. मध्येच उठून बघून यावं लागलं तर पटकन येता यावं म्हणून. तरीही जागा शोधताना मी आईंचा विचार करतोय. तुला आवडणार नाही, पण कळवून ठेवतो.

या रविवारी नदीकाठच्या नव्या वसाहतीत गेलो. जाताना रुग्णालयाच्या व्यायाम विभागातून दीड किलोची वाळूची पिशवी मागून घेतली आणि डाव्या घोट्याला बांधली. हातात काठी. माझे दोन्ही पाय धडधाकट, मला एखादा रस्ता चालण्याजोगा आहे की नाही ते काय कळणार? उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होईल. पिशवी बांधली आणि दहा मिनिटांत कळलं की मी वीस वर्षं लंगड्या माणसांचे बूट बनवतोय, पण उतारावर टाच आधी टेकते की चवडा, हे मला नीट माहीतच नव्हतं.

वसाहत चित्रासारखी आहे. फूटपाथ इतका गुळगुळीत की त्यावर गोटी सोडली तर नदीत जाऊन पडेल. झाडं, बाकडी, दिवे. फूटपाथवरून तासभर चाललो. दोन कुत्री भेटली आणि त्यांना फिरवणारा एक पगारी माणूस. दुकान नाही, दारात बसलेलं कुणी नाही, सगळ्या भिंती डोक्याच्या वर. बडा घर पोकळ वासा. मी बाकावर बसलो तर पहारेकरी आला आणि ‘कुणाकडे आलात’ म्हणून विचारू लागला. पाय मोकळे करायला आलोय म्हटल्यावर त्याने घोट्याच्या पिशवीकडे असं पाहिलं, जणू मी तुरुंगातून पळून आलोय.

तिथे चालता येईल, पण चालत जायचं कुठे? आईंना नुसती वाट पुरत नाही, वाटेवर माणूस लागतं. ही जागाही खोडली.

बाकी, सपाट फरशीची काळजी नको. आईंच्या बुटाला पुढून खाच आहे आणि तळ कॉर्कचा आहे, ओल्या फरशीवरसुद्धा घसरणार नाही.

तिसरी एक वस्ती बाजारापलीकडे आहे. पुढच्या रविवारी.

कळावे. पिशवी सोडल्यावर दोन दिवस डावा पाय हवेत तरंगत होता.

२ फेब्रुवारी

या वेळी एकच ओळ आली. ‘खाच आहे हे तुला कसं माहीत?’

बाजारापलीकडची वस्ती पाहिली. तिच्याबद्दल नंतर लिहितो. आधी याचं उत्तर द्यायला हवं.

आईंचे बूट तुमच्या कोपऱ्यावरचा बूटवाला बनवत नाही. मी बनवतो. डावा पाय सव्वा इंच आखूड, हे माप माझ्याकडे आपल्या लग्नाच्या वर्षापासून आहे, आणि त्यांच्या पायाचा लाकडी साचा माझ्या कपाटात आहे. दर वर्षी एक जोड. पार्सल खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या नावाने जातं. त्या बिचाऱ्यांना बोल लावू नकोस.

घटस्फोटानंतर दोन महिन्यांनी आईंचा फोन आला होता. मी घाबरलो. त्या म्हणाल्या, “जावईबापू, बुटाचा तळ सुटलाय.” मी म्हटलं, आई, आता मी जावई राहिलो नाही. तर म्हणाल्या, “घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतला. मला कुणी विचारलं नव्हतं.”

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी फोन करतात. दहा मिनिटं, कधी पंधरा. तुझ्याबद्दल फारसं बोलत नाहीत. मीही विचारत नाही. म्हणजे विचारतो, पण आडून. ‘घरी सगळे बरे ना’ असं. घरात दोनच माणसं, त्यातलं एक फोनवर, तेव्हा ‘सगळे’ म्हणजे कोण ते त्यांना कळतं. ‘सगळे बरे आहेत, सगळ्यांना सर्दी झालीय’ असं सांगतात.

सात वर्षं हे तुझ्यापासून लपवलं. चूक माझी. आईंची नाही.

आणि आता हातात पेन आहेच तर दुसरंही लिहितो. चौदा महिन्यांपूर्वी त्या रस्ता ओलांडताना पडल्या, तेव्हापासून तू कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतेस, हे मला माहीत आहे. त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. एका गुरुवारी फोनवर दाराची बेल ऐकू आली. मी म्हटलं, बघा कोण आहे, मी थांबतो. त्या म्हणाल्या, “कुणी का असेना, किल्ली माझ्याकडे नाही.” आणि हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. चालणाऱ्या बाईला तू कोंडून ठेवलंयस. जागा मी शोधीन, पण कुलूप लावायला जागा शोधणार नाही.

कळावे.

२० फेब्रुवारी

अठरा दिवस झाले. उत्तर नाही. बरोबर आहे.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी लिहिलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. पत्र पेटीत टाकून परत येईपर्यंत ते उतरलं.

आमच्या विभागात रोज मुली येतात, आईला दंडाला धरून. आईला म्हणतो, चालून दाखवा, तर मुलीचा हात सुटत नाही. मी चिडतो. परवा एकीला म्हटलं, बाई, हात सोडा, तुमच्या धरण्याने त्यांचा तोल जातो. ती म्हणाली, “त्या पडल्या तेव्हा तुम्ही होतात का उचलायला?” तिने ते मलाच विचारलं होतं, पण मला ऐकू आलं ते तुझ्या आवाजात.

मी नव्हतो. आई पडल्याचं कळलं तेव्हा मी आठ दिवसांत नवा बूट बनवून पाठवला. स्वतः आलो नाही. बूट पाठवणं सोपं असतं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. त्या सगळ्या मुंगीच्या पावलांना तू एकटी होतीस. रुग्णालयातून आलेला फोन तू उचललास. नंतर दोनदा त्या न सांगता बाहेर पडल्या आणि दोन्ही वेळा तू काम टाकून धावलीस. कुलूप का आलं ते मला माहीत होतं, तरी मी तसं लिहिलं. माफ कर.

अजून एक आहे. हे आईंनाही माहीत नाही.

दहा वर्षांपूर्वी मी दर महिन्याला लिहायचो की मनासारखी जागा मिळत नाही. कुठे पाण्याचा त्रास, कुठे जिना अरुंद, कुठे घरमालक तिरसट. ते सगळं मी खोलीत बसून लिहीत होतो. मी एकही जागा पाहिली नव्हती. एकदाही बाहेर पडलो नाही. सुरुवातीला काम होतं. मग एकटं राहायची चटक लागली. मग खोटं इतकं साचलं की खरी जागा मिळाली असती तरी काय सांगणार होतो? तू दोन वर्षं वाट पाहिलीस आणि मग विचारणं सोडलंस. तुला वाटलं असेल माझं मन दुसरीकडे गेलंय. दुसरीकडे कुठेच गेलं नव्हतं. नुसतं बसून राहिलं होतं.

या दीड महिन्यात पिशवी बांधून मी पाच वस्त्या चाललो. या शहरात दहा वर्षं राहून जेवढं चाललो नाही तेवढं. बाजारापलीकडे चढ आहे, कचेऱ्यांच्या भागात रविवारी चिटपाखरू नसतं, आणि पाचवी ग्रंथालयापासून पाऊण तास. या सगळ्यांतून मी दर वेळी संध्याकाळी घरी यायचो आणि घरी येताना पिशवी सोडायचो नाही, कंटाळा म्हणून. परवा लक्षात आलं की शेवटच्या गल्लीत मला पिशवी जाणवतच नाही.

माझीच गल्ली. छापखान्यामागची. तू घातलेली अट मला पाठ आहे, म्हणून मी ती यादीत धरली नव्हती. पण जसं आहे तसं लिहायचं कबूल केलंय, तर लिहितो.

तोंडाशी दगडी खांब आहे, त्यामुळे गाडी आत येत नाही. फरशी जुनी, खडबडीत, पण सपाट. चाळीस-पन्नास पावलांवर कुणाचं ना कुणाचं दुकान, आणि प्रत्येकाच्या बाहेर स्टूल. फळवाली, घड्याळवाला, न्हावी, झेरॉक्सवाला. मी पिशवी बांधून चाललो तर चौघांनी चौकशी केली आणि फळवालीने हळद लावायला सांगितली. ग्रंथालयाकडे जाताना एकच मोठा रस्ता लागतो. तिथे सिग्नल बावीस सेकंद थांबतो. पिशवी बांधून मला एकोणीस लागली. तुझ्या चालीने ग्रंथालय अकरा मिनिटं.

माझ्या समोरच्या घरात रस्त्यालगतची खोली महिन्यापुरती मिळते. तीन पायऱ्या, कठडा आहे. गजही आहेत. घरमालकीण निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आहेत, एकट्या राहतात. मी मध्ये येणार नाही. तुम्ही असाल तितके दिवस मी रुग्णालयाच्या वसतिगृहात राहीन, गावाच्या दुसऱ्या टोकाला. काढता पाय घेण्यात मी तरबेज आहे हे तू जाणतेसच. या वेळी सांगून घेतोय.

नाही म्हणालीस तरी समजेन. मग सहावी वस्ती बघू.

४ मार्च

‘चालेल. पण तू खरंच जा.’

तुझं पत्र न्हाव्याने वाचलं. माझा चष्मा घरी राहिला होता. त्याने ‘चालेल’ शब्द वाचून विचारलं, आजींबद्दल का? मी हो म्हटलं. तेही खरंच आहे.

खोली घेतली. खोलीची किल्ली घरमालकीणबाईंकडे. त्या प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात, रागावू नकोस, नोकरीची सवय आहे. उशाकडच्या भिंतीला मी एक कठडा ठोकला आहे, आईंना उठताना धरायला. पलंग एक इंच उंच केला आहे. मोरीत रबरी चटई आहे. दूध सकाळी साडेसहाला येतं.

कुलूप आणायचं की नाही, ते तू ठरव. मी त्याबद्दल पुन्हा लिहिणार नाही. आईंनाही सांगितलंय की मी महिनाभर फोनवर भेटणार नाही. म्हणाल्या, “बरं.” मला वाटलं होतं जास्त बोलतील.

उद्या सकाळी निघतो. एक बॅग पुरे झाली.

सांभाळून या.

२६ मार्च

मायन्याचा घोळ मला कळला. मीही घालत नाही.

आम्ही येऊन सोळा दिवस झाले. मी कुलूप आणलं होतं. पहिले आठ दिवस लावलंही. घरमालकीणबाई रोज सकाळी मी किल्ली फिरवत असताना दारात येऊन उभ्या राहायच्या. नवव्या दिवशी मी चिडून म्हटलं, मग तुम्ही लक्ष ठेवाल का, आईला बाहेर सोडायचं नाही. त्या म्हणाल्या, “छत्तीस वर्षं मी लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. अडवून ठेवायचं काम मला सांगू नका. लक्ष मात्र ठेवीन.” मी कुलपाची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि दिवसभर ग्रंथालयात एकही पान धड सांधलं गेलं नाही. त्या दिवशी आई कुठे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दाराशी खुर्ची टाकून बसली. तिसऱ्या दिवशी म्हणे फळवालीपर्यंत गेली आणि परत आली. हे मला तिने सांगितलं नाही, मोसंबी सांगत होती.

काल मंगळवार. ओले दस्त दाबाखाली ठेवले होते, त्यांना संध्याकाळपर्यंत हात लावायचा नव्हता, म्हणून चारलाच घरी आले. खोली रिकामी. काठी नाही, बूट नाहीत. घरमालकीणबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलेल्या.

ती पडल्याचा फोन आला त्या दुपारसारखंच झालं. गल्लीत धावत निघाले. फळवाली म्हणाली, “बूटवाल्यांच्या सासूबाई ना? आत्ताच गेल्या. माझी पपई कच्ची आहे म्हणाल्या.” घड्याळवाला म्हणाला, दहा मिनिटं इथे बसल्या होत्या, पाणी प्यायल्या, तिकडे गेल्या. न्हाव्याने तर वस्तरा हातात धरूनच बोट दाखवलं. कुणी घाबरलेलं नव्हतं. मीच एकटी धापा टाकत होते. धावता धावता माझं चालणं कधी झालं ते कळलं नाही.

गल्ली जिथे वळते तिथे एक शिंपी आहे. तुझ्या यादीत तो नव्हता. तू कपडे विकतचे घालतोस, तुला कसा दिसेल. त्याच्या दुकानात आई बसली होती. मांडीवर कुणाचा तरी काळा कोट, आणि ती हाताने काजं करत होती. तुला माहीत आहे, वीस वर्षं तिने शाळांचे गणवेश शिवले आणि त्यावर मला शिकवलं. पडल्यापासून तिने सुई हातात घेतली नव्हती. मी समजत होते की हात थरथरतो म्हणून. काल थरथरत नव्हता. शिंपी माझ्याच वयाचा असेल. तिच्याशेजारी दुसरी बाही धरून उभा होता आणि ती त्याला रागावत होती, दोरा मेणातून का काढला नाहीस म्हणून.

मी गल्लीत समोरच्या बाजूला उभी होते. हाक मारणार होते. ‘आई, मला सांगायचं नाही का’ हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. मग एक गिऱ्हाईक आलं, आणि आईने मान वर करून त्याला म्हटलं, “बसा पाच मिनिटं, हात कामात आहे.” असा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. मी तशीच मागे फिरले.

घरी येऊन बसले. त्या तासाभरात मी काही केलं नाही. भांडी पुसली, परत पुसली. सिग्नलकडचा मोठा रस्ता त्या बाजूला नाही, हे स्वतःला दहा वेळा सांगितलं. साडेपाचला काठीचा आवाज आला. पहिली पायरी, दुसरी, मग बराच वेळ काही नाही. मी उठले नाही. किती जड गेलं ते कुणाला सांगून कळणार नाही, पण तू पिशवी बांधून चाललास, तेव्हा तुला थोडं कळेल. मग तिसरी पायरी.

आत येऊन तिने मला पाहिलं आणि दचकली. लहान मुलीसारखी. मग सावरली आणि म्हणाली, “उद्या मला दहाला जायचंय. बारा कोट आहेत, सगळ्यांची काजं मशीनने बिघडवून ठेवलीत त्याने.”

मी विचारलं, “किती दिवसांचं काम आहे?”

“बारा कोट म्हणजे महिना तरी. पुढे त्याच्याकडे लग्नाचे येतात.”

आमचं इथलं काम एकतीस तारखेला संपणार होतं. आज सकाळी मी ग्रंथालयात सांगितलं की खालच्या मजल्यावरचे दस्त अजून तपासायचे राहिलेत. राहिलेतही. घरमालकीणबाईंनी खोलीबद्दल दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं.

तुझं दहा वर्षांपूर्वीचं पत्र, ज्यात तू एकही जागा पाहिली नव्हती असं लिहिलंस, ते मी अजून पूर्ण पचवलेलं नाही. ‘फेब्रुवारीचं’ म्हणायला हवं, दहा वर्षांपूर्वीचं नाही. पण मला ते तेव्हाच आल्यासारखं वाटतं. राग आहे. जुन्याहून वेगळा आहे, एवढंच. दुसरी बाई असती तर सोपं गेलं असतं, असं एकदा मनात येऊन गेलं. त्यावर समोर बसून बोलावं लागेल, आणि भांडण होईल, आणि ते झालेलं बरं.

पण तू स्वतःचं घर सोडून किती दिवस वसतिगृहात राहणार? समोरची तुझी खिडकी बंद दिसते तर गल्लीतले लोक मला विचारतात, जणू मीच तुला हाकललं. परत ये. ‘तू खरंच जा’ म्हटलं होतं, ते मी मागे घेते.

रविवारी सकाळी ये. बॅग घेऊन एकदम येऊ नकोस, सगळी गल्ली बघत असते. आधी चहाला ये. आई दहाच्या आत मोकळी असते.